अर्ज तोच, नाव वेगळं

जर्मनीत नोकरीसाठी अर्ज करायचा तर अख्खी फाइल जोडावी लागते. वर पत्र, मग बायोडेटा, शाळेपासूनच्या गुणपत्रिका, आधीच्या मालकाने दिलेलं प्रशस्तिपत्र, आणि बहुतेक वेळा स्टुडिओत जाऊन नीट काढून घेतलेला फोटो. ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी अशा तीन फाइली तयार केल्या. तिन्हींत शिक्षण जर्मनीतच झालेलं, अनुभव सारखा, भाषा सारखी. फोटोही एकाच तरुणीचा. पहिल्या फाइलवर नाव होतं सान्ड्रा बाउअर. दुसरीवर मेरिएम ओझ्टुर्क. तिसरीवरही मेरिएम ओझ्टुर्कच, फक्त फोटोतल्या त्याच मुलीने डोक्याला नेटका रुमाल बांधलेला.

हे अर्ज कार्यालयीन जागांसाठी गेले: सेक्रेटरी, हिशेबनीस, मुख्य हिशेबनीस. एका कंपनीला एकच फाइल, असे सगळे मिळून सुमारे १,५०० अर्ज. मग उत्तरं मोजली. सान्ड्राला दर शंभर अर्जांमागे जवळजवळ १९ वेळा बोलावणं आलं. उघड्या डोक्याच्या मेरिएमला १३-१४ वेळा. रुमाल बांधलेल्या मेरिएमला जेमतेम ४ वेळा. सान्ड्राचे दोन अर्ज जातात तिथे रुमालवाल्या मेरिएमचे नऊ जावेत, तेव्हा कुठे दोघी बरोबरीला येतात. जागा जसजशी वरची, तसतसं हे अंतर वाढत गेलं. मुख्य हिशेबनिसाच्या पदासाठी ते साडेसात पटींपर्यंत पोचलं.

२०१६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आकड्यांपेक्षा दुसरीच एक गोष्ट लागली. या जागी खरी मेरिएम असती तर तिला यातलं काहीही कळलं नसतं. आपल्याकडे मुलाखत संपली की ‘आम्ही कळवतो’ म्हणतात आणि कुणी कळवत नाही. तिकडेही तसंच. नकार कशासाठी हे कुणी लिहून देत नाही. मेरिएमला तिची स्वतःची फाइल तेवढी दिसते. सान्ड्राची कधीच दिसत नाही. कंपनीतल्या माणसाच्या टेबलावर फाइलींचा ढीग असतो, आणि त्यातून आपण चांगली माणसं निवडली असं त्याला मनापासून वाटतं. अन्याय घडतो तो या दोन फाइलींच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेत कुणीच उभं नसतं. तिथे मुद्दाम एक माणूस उभा करणं, एवढंच संशोधकांनी केलं.

युरोपात स्थलांतर आणि समाजातलं वैविध्य यांवर आज प्रचंड संशोधन चालतं. ऑक्सफर्ड, आम्स्टरडॅम, पॅरिस, बर्लिन अशा ठिकाणी त्याच्या संस्थाच उभ्या आहेत. त्यातला मोठा भाग प्रश्नावल्यांचा आहे. शेजारी परक्या देशातून आलेलं कुटुंब राहायला आलं तर चालेल का? तुम्हाला कधी भेदभाव सोसावा लागला का? अशा पाहण्या उपयोगाच्या आहेतच, पण भेदभाव मोजायचा म्हटलं की त्या लंगड्या पडतात. पहिल्या प्रश्नाला माणूस चारचौघांत शोभेल तेच उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर ज्याने द्यायचं, त्यालाच ते ठाऊक नसतं. म्हणून खोटा उमेदवार उभा करायची ही पद्धत मला सगळ्या स्थलांतर-संशोधनात सर्वात प्रामाणिक वाटते.

तिची सुरुवात १९६०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कामाला हात कमी पडत होते. जमैका, बार्बाडोस, पंजाब, गुजरात, मीरपूर इथून माणसं आली. कुणी बसगाड्यांवर, कुणी ओतशाळांत, कुणी कापडगिरण्यांत कामाला लागली. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींत ‘काळ्यांना नाही’ असं सरळ लिहिलेलं असे. १९६५ साली ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा आला, पण तो हॉटेलं, थिएटरं अशा सार्वजनिक जागांपुरताच होता. नोकरी आणि घर, ज्यांवर माणसाचं जगणं चालतं, त्या दोन्ही गोष्टी त्यातून सुटल्या. कायदा वाढवा म्हटलं की उत्तर यायचं: तक्रारी वाढवून सांगितल्या जातात, नवीन माणसाला भाषा येत नाही, कौशल्य कमी पडतं, त्याला कोण काय करणार?

याचं उत्तर शोधायला पीईपी या लंडनमधल्या संशोधन संस्थेने तीन माणसं उभी केली. प्रकल्पाची धुरा डब्ल्यू. डब्ल्यू. डॅनियल यांच्याकडे होती. एक उमेदवार वेस्ट इंडीजकडचा किंवा आशियाई, म्हणजे रंगाने वेगळा. एक जन्माने इंग्रज. आणि तिसरा हंगेरीचा. १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून आलेले निर्वासित ब्रिटनच्या ओळखीचे होते. हा तिसरा माणूस गोरा, पण परदेशी. त्याचं इंग्रजी ऐकताच कळावं की हा इथला नाही. तिघांनी त्याच नोकरीसाठी, त्याच खोलीसाठी, त्याच विमा कंपनीकडे आळीपाळीने विचारायचं.

हंगेरियन माणूस घेण्यातच सगळी मेख होती. नुसता इंग्रज आणि नुसता जमैकन पाठवला असता, तर नकार परकेपणामुळे की रंगामुळे, हा वाद तसाच राहिला असता. आता तो राहिला नाही. गोऱ्या परदेशी माणसाचा अनुभव बराचसा इंग्रजासारखाच आला आणि जागा ‘भरलेली’ निघाली ती रंगाने वेगळ्या माणसासाठी. १९६७ साली अहवाल आला. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी वाचताना माझं मन आजही थबकतं. ज्यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालेलं, ज्यांचं इंग्रजी चांगलं, अशाच स्थलांतरितांनी भेदभावाचे अनुभव जास्त सांगितले होते. कारण उघड आहे. गोऱ्यांच्या बरोबरीच्या जागांची दारं तेच ठोठावत होते. बाकीचे त्या दारांपर्यंत जातच नव्हते. आपलं कुठे चालेल आणि कुठे नाही, हे ते आधीच शिकले होते. १९६८ साली कायदा दुरुस्त झाला आणि नोकरी व घर दोन्ही त्यात आली.

लगेच १९६९ मध्ये रॉजर जोवेल आणि पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क यांनी हाच प्रयोग टपालाने केला. माणसं पाठवायची गरज नाही, पत्रं पाठवायची. हा बदल दिसतो तेवढा साधा नाही. समोर उभा असलेला माणूस कधी दमलेला असतो, कधी त्याचा आवाज पडतो. दोन माणसं हुबेहूब सारखी कधीच नसतात. कागद सारखे करता येतात. तेव्हापासून युरोपात, अमेरिकेत आणि पुढे आपल्याकडेही हीच पद्धत रुळली.

तिच्यामागची मेहनत मात्र बाहेरून दिसत नाही. नावं निवडायची ती अशी, की वाचणाऱ्याला मूळ ओळखू यावं, पण नाव विचित्रही वाटू नये. त्यासाठी आधी शेकडो लोकांना नावं दाखवून विचारतात, हा माणूस कुठला वाटतो? मग प्रत्येक खोट्या उमेदवाराला ईमेल आणि व्हॉइसमेलसह फोन नंबर द्यायचा, राहायचा पत्ता सारख्याच वस्तीतला शोधायचा, कोणता अर्ज आधी जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. कुणी मुलाखतीला बोलावलं की दुसऱ्याच दिवशी ‘मला दुसरीकडे काम मिळालं’ असं नम्रपणे कळवायचं, म्हणजे समोरच्याचा वेळ जात नाही आणि खऱ्या उमेदवाराची जागाही अडत नाही. मालकांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करणं बरोबर आहे का, हा प्रश्न प्रत्येक विद्यापीठाच्या नैतिकता समितीपुढे येतो. तो यायलाही हवा. पण त्या मालकाची दोन मिनिटं एका पारड्यात टाकली आणि वर्षभर बोलावण्याची वाट पाहणारा तरुण दुसऱ्यात, तर पारडं कुठे झुकतं याबद्दल मला शंका वाटत नाही.

फ्रान्समध्ये या पद्धतीचं मोल आणखी मोठं आहे. फ्रान्सचं प्रजासत्ताक नागरिकाला वंश आणि धर्म विचारत नाही. १९७८च्या कायद्याने अशा माहितीच्या नोंदींवर कडक बंधनं आहेत, आणि २००७ साली तिथल्या संविधान परिषदेनेही वांशिक मूळ हा संशोधनाचा थेट रकाना करायला हरकत घेतली. यामागची भावना उदात्त आहे. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या याद्यांचं काय झालं हे तो देश विसरलेला नाही. पण जे मोजायचं नाही ते दिसतही नाही. म्हणून तिथे आई-वडील कुठे जन्मले, एवढं विचारून संशोधक वाट काढतात. लोकसंख्या आणि सांख्यिकी या दोन राष्ट्रीय संस्थांनी २००८-०९ मध्ये केलेली मोठी पाहणी याच वाटेने गेली. दुसरी वाट प्रयोगाची. एसओएस रासिस्म या संघटनेचे तरुण रात्री नाइटक्लबांच्या दारावर जोडीजोडीने जायचे, आणि कुणाला आत सोडतात, कुणाला ‘आज खासगी कार्यक्रम आहे’ म्हणून परत पाठवतात ते टिपायचे. २००२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असा पुरावा ग्राह्य धरला आणि २००६ मध्ये ते कायद्यातच आलं.

याच देशात २००९ साली क्लेअर अदिदा, डेव्हिड लेटिन आणि मारी-आन वालफोर या तिघांनी केलेला प्रयोग मला रचनेच्या दृष्टीने सगळ्यात देखणा वाटतो. फ्रान्समध्ये मुसलमान म्हटलं की डोळ्यांपुढे अल्जीरिया-मोरोक्कोचा माणूस येतो. मग नकार धर्माला मिळतो की प्रदेशाला, हे सुटं करायचं कसं? उत्तर त्यांना सेनेगलमध्ये सापडलं. तिथल्या सेरेर समाजात ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही आहेत, आणि दिउफ हे आडनाव दोघांतही चालतं. म्हणून एक उमेदवार झाली मारी दिउफ, दुसरी खदिजा दिउफ. वय तेच, फ्रान्सचं नागरिकत्व तेच, शिक्षण तेच. मारीच्या अनुभवात एका कॅथलिक सेवाभावी संस्थेचं नाव, खदिजाच्या अनुभवात एका इस्लामी सेवाभावी संस्थेचं. दर जाहिरातीला या दोघींपैकी एकीचा अर्ज आणि सोबत ओरेली मेनार या ठार फ्रेंच नावाचा एक अर्ज, म्हणजे तुलनेची पट्टी कायम राहिली.

मारीला २१ टक्के वेळा होकार आला. खदिजाला ८ टक्के. आडनाव एक, कातडीचा रंग एक, मूळ देश एक. जे उरलं ते एकच होतं.

हे आकडे येत होते त्याच सुमारास फ्रान्स एका उपायाची चाचणी घेत होता. उपाय सुचायला अगदी सोपा: नावच झाका. २००६च्या कायद्याने ५० पेक्षा जास्त नोकरदार असलेल्या कंपन्यांना निनावी बायोडेटा सक्तीचा केला होता, पण अंमलबजावणीचा आदेश काही निघाला नव्हता. आधी करून पाहू, असं ठरलं. सरकारी रोजगार सेवेने सुमारे हजार कंपन्या घेतल्या. काहींकडे नावासह अर्ज जायचे, काहींकडे नाव, पत्ता, जन्मस्थळ झाकून. लुक बेआगेल, ब्रुनो क्रेपों आणि तोमा ल बारबांशों या अर्थशास्त्रज्ञांनी निकाल तपासला आणि तो उलटा निघाला. स्थलांतरित घरांतल्या किंवा गरीब वस्त्यांतल्या उमेदवाराला नावासह अर्जावर दहात एक मुलाखत मिळत होती. नाव झाकल्यावर बावीसात एक.

असं का व्हावं? पहिलं कारण म्हणजे यात आल्या त्या कंपन्या आपखुशीने आल्या होत्या. ज्यांना भेदभाव करायचाच आहे ते अशा चाचणीला कशाला हो म्हणतील? जे आले त्यांतले अनेक जण स्थलांतरितांचा अर्ज थोडा सवलतीने वाचणारे होते. दुसरं कारण त्या अर्जातच आहे. वडील कारखान्यात, घर शहराबाहेरच्या इमारतींच्या रांगांत, शाळा यथातथा, मधे वर्षभर काम नाही. नाव दिसलं की चांगला वाचणारा त्या रिकाम्या वर्षाचा अर्थ समजून घेतो. नाव झाकलं की ते नुसतं रिकामं वर्ष उरतं. नाव पुसताना त्यामागची हकिगतही पुसली गेली. २०१५ मध्ये फ्रान्सने ही सक्ती कायद्यातून काढून टाकली. एका चाचणीवरून उपाय बाद करणं मला घाईचं वाटतं, कारण मुळात वाईट वागणारे त्या चाचणीत नव्हतेच. पण या निकालाने एक सोपी आशा मोडली हे खरं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात महापालिकेच्या काही भागांनी हाच प्रयोग केला तेव्हा तिथे निनावी अर्जांमुळे स्त्रियांना आणि स्थलांतरितांना मुलाखतीची बोलावणी वाढली. स्त्रियांना पुढे नोकऱ्याही जास्त मिळाल्या. स्थलांतरितांना मिळाल्या नाहीत. चेहरा दिसेपर्यंतच ते झाकण टिकलं.

मग काम करतं ते काय? ब्रिटिश सरकारच्या रोजगार खात्यासाठी झालेल्या आणि २००९ साली आलेल्या अभ्यासात याचा एक धागा सापडतो. ९८७ जागांसाठी २,९६१ अर्ज पाठवले होते. गोऱ्या नावाला एक सकारात्मक उत्तर मिळायला सरासरी ९ अर्ज लागले. आफ्रिकी किंवा आशियाई नावाला १६. पण सरकारी आणि निमसरकारी जागांवर हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. अभ्यासकांनी बोट ठेवलं ते तिथल्या छापील अर्जावर. खासगी कंपन्या बायोडेटा मागवत होत्या. सरकारी कार्यालयं ठरावीक रकान्यांचा फॉर्म भरून घेत होती. फॉर्ममध्ये प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. वाचणाऱ्याची नजर कुठे थांबावी हे फॉर्म ठरवतो. बायोडेटात ती नजर मोकळी सुटते, आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ते नाव.

असंच काहीसं नऊ देशांच्या तुलनेतही दिसलं. लिंकन क्विलियन, अँथनी हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ९७ प्रयोग एकत्र केले, म्हणजे दोन लाखांहून जास्त अर्ज. भेदभाव नऊही देशांत होता. पण सर्वात जास्त निघाला फ्रान्समध्ये, आणि त्याच्यामागोमाग स्वीडनमध्ये, जो देश आपल्या उदार धोरणांसाठी ओळखला जातो. जर्मनी खालच्या बाजूला होता. याचं एक संभाव्य कारण संशोधकांनी सांगितलं ते त्या जाडजूड फाइलीचं. गुणपत्रिका, प्रशस्तिपत्रं, उमेदवारीचे दाखले सगळं समोर असलं की नावावरून अंदाज बांधायला जागा कमी उरते. अर्थात रुमालवाल्या मेरिएमकडेही ती फाइल होती, आणि तिला तिचा काही उपयोग झाला नाही. सरासरी खाली आहे म्हणून प्रत्येकाचं बरं चाललं आहे असं नसतं. क्विलियन यांनी पुढे २०२३ मध्ये काळानुसार तुलना केली तेव्हा फ्रान्समध्ये प्रमाण उतरलेलं आणि नेदरलँड्समध्ये चढलेलं दिसलं.

माहिती कमी असते म्हणून माणूस नावावर विसंबतो, असं एक मत अर्थशास्त्रात आहे. दुसरं मत १९५७ साली गॅरी बेकर यांनी मांडलं: काहींना काही लोक नकोच असतात, मग नुकसान झालं तरी चालेल. पहिलं मत खरं असेल तर अर्जात आणखी माहिती भरली की भेदभाव कमी व्हायला हवा. युरोपीय संघाच्या पैशांतून झालेल्या ‘जेम’ नावाच्या प्रकल्पाने २०१६ ते २०१८ या काळात ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्पेन या पाच देशांत हेच तपासलं. आचारी, दुकानातला विक्रेता, हिशेबनीस, सॉफ्टवेअर डेव्हलपर अशा जागा. ब्रिटनच्या भागात गोऱ्या ब्रिटिश नावांना २४ टक्के वेळा प्रतिसाद मिळाला, अल्पसंख्य समाजांच्या नावांना १५ टक्के. म्हणजे ६० टक्के जास्त अर्ज करा, मग बरोबरी. पाकिस्तानी मुळाच्या नावाला ७० टक्के जास्त. आणि काही अर्जांत चांगले गुण, कामाचा दर्जा यांची माहिती वाढवून पाहिली, तरी ब्रिटनमध्ये चित्र बदललं नाही.

हे सगळे उमेदवार कागदोपत्री ब्रिटनमध्येच जन्मलेले होते, किंवा सहा वर्षांचे व्हायच्या आत तिथे आलेले. ‘भाषा येत नाही’ हे १९६५ सालचं उत्तर त्यांना लागू होत नाही. अँथनी हीथ आणि व्हॅलेंटिना दि स्तासिओ यांनी मग १९६९ पासून २०१७ पर्यंतचे सगळे ब्रिटिश प्रयोग एका ओळीत मांडले. कायदे आले, आयोग आले, तीन पिढ्या गेल्या. दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन नावांबाबतचा भेदभाव लक्षणीय म्हणावा इतका घटलेला त्यांना दिसला नाही. १९६९ साली ज्या नावांनी ती टपालाची पत्रं गेली, त्या नावांच्या माणसांची नातवंडं आता नोकरीच्या वयाची आहेत. त्यांचा जन्म लीड्सचा, बोलणं यॉर्कशरचं. अर्ज मात्र आजोबांच्या नावाने वाचला जातो.

आज आइंडहोव्हनला, म्युनिकला, लंडनला मराठी घरं आहेत. गणपती बसतात, शनिवारी मुलांची मराठी शाळा भरते. आई-वडील कंपनीने बोलावून नेलेले, त्यामुळे त्यांना हा प्रश्न फारसा भेटत नाही. बोलावलेल्याला दार उघडंच असतं. पण तिथे जन्मलेली, डच किंवा जर्मन बोलणारी जोशी-पाटलांची मुलं एक दिवस स्वतः अर्ज करायला बसतील, आणि त्यांची फाइल ढिगातली एक असेल. त्या दिवसासाठी आई-वडिलांनी हे संशोधन माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं. नाहीतर उत्तर न आलेला प्रत्येक अर्ज ते मुलाच्या खात्यावर मांडतील.

यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर बहुधा हाती लागत नाही. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ डान-ओलोफ रूथ यांनी एका अभ्यासात असे प्रयोग झाल्यावर त्याच कंपन्यांतल्या निवड करणाऱ्या माणसांना गाठलं आणि त्यांच्या मनातली नकळत जुळणारी समीकरणं मोजणारी चाचणी दिली. ज्यांच्या मनात अरब-मुस्लिम नाव आणि ‘कामात कमी’ ही जोडी जास्त घट्ट होती, त्यांनी त्या नावांना कमी बोलावलं होतं. उघडपणे विचारल्यावर त्याच माणसांनी दिलेल्या उत्तरांवरून मात्र हे ओळखता येत नव्हतं. मी एकदा एका छोट्या निवड समितीवर होतो. साठ अर्ज, एक दुपार. तिसऱ्या अर्जानंतर माझ्या लक्षात आलं की पान उलटलं की माझी नजर आधी आडनावावर जाते आणि मग शिक्षणावर. मी अर्ज वाचायचा क्रम बदलला, शेवटच्या पानावरून पहिल्याकडे वाचू लागलो. त्याआधीचे तीन अर्ज पुन्हा काढले. पण त्याआधी आयुष्यभरात असे किती कागद मी हातावेगळे केले असतील, ते परत काढता येत नाहीत.

आडनाव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव आणि जात दोन्ही विचारून झालेली असते. म्हणूनच युरोप-अमेरिकेत घडलेलं हे साधन आपल्याकडे चालवलं ते एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या सुखदेव थोरात यांनी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्यासोबत ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. पात्रता सारखी, नावं कुठे सवर्ण, कुठे दलित, कुठे मुस्लिम. सवर्ण नावाला पुढच्या फेरीत जायची संधी १ धरली तर दलित नावाला ती ०.६७ निघाली आणि मुस्लिम नावाला ०.३३. मुंबईतून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने २००७ मध्ये हा अभ्यास छापला. लंडनच्या त्या तीन माणसांना बरोबर चाळीस वर्षं झाली होती.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. ती फक्त पहिलं दार मोजते. मुलाखतीनंतर काय होतं, पगार किती ठरतो, बढती कुणाला मिळते, इथपर्यंत ती पोचत नाही. ओळखीपाळखीने भरल्या जाणाऱ्या जागा तिच्या टप्प्यात येतच नाहीत, आणि वशिल्याची वाट परक्याला आणखी अवघड असते. म्हणजे खरं चित्र या आकड्यांपेक्षा वाईट असण्याचीच शक्यता जास्त.

स्टॉकहोम विद्यापीठातल्या महमूद अराई आणि पीटर स्कोगमन थुर्सी यांनी एक अभ्यास खोटे अर्ज न पाठवताच केला. त्यांनी सरकारी नोंदी उघडल्या आणि १९९०च्या दशकात आपलं आडनाव बदलून स्वीडिश वाटेल असं घेतलेले स्थलांतरित शोधले. आशियातून, आफ्रिकेतून, पूर्व युरोपातून आलेली माणसं. त्यांची कमाई त्यांनी त्याच प्रदेशांतून आलेल्या, पण अजून नाव न बदललेल्या लोकांशी ताडून पाहिली. नाव बदलण्याआधी दोघांच्या कमाईची वाट सारखीच चाललेली होती. बदलल्यानंतर ती फुटते.

स्वीडनमध्ये त्या काळी नवं आडनाव हवं असलं की अर्ज जायचा पेटंट आणि नोंदणी कार्यालयाकडे. यंत्रांचे शोध आणि मालाचे ट्रेडमार्क नोंदतात, तेच ते कार्यालय. शुल्क भरायचं, हवं ते आडनाव लिहायचं, ते आधीच दुसऱ्या कुणाच्या हक्काचं नाही ना हे तिथे तपासलं जायचं. मंजुरी आली की बापाचं आडनाव कागदावरून उतरायचं, आणि पुढच्या वर्षांच्या नोंदींत कमाईचा आकडा वर सरकलेला दिसायचा.